बाईनं आळस का देऊ नये?



गेल्या वर्षी आठ मार्चच्या कार्यक्रमाची आखणी चालली होती, तेव्हाची गोष्ट. मोर्चा ठरला, पथनाट्य ठरलं, घरकामगारांचं मागणीपत्र ठरलं. मी म्हटलं, सुरुवातीला वीस मिनिटं सगळ्याजणी मिळून अंग ताणण्याचे व्यायाम करू या, आणि मागणीपत्रात एक कलम घालू या, की वस्तीतलं समाजमंदिर रोज संध्याकाळी एक तास बायकांच्या व्यायामासाठी मोकळं ठेवावं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या, ज्यांचं बोट धरून मी संघटनेचं काम शिकले, हसून म्हणाल्या, "अगं, बायकांना अंग ताणायला काय शिकवतेस? त्या आधीच ताणलेल्या आहेत!" सगळ्या हसल्या. मीही हसले. वेळ नव्हता, विषय तिथंच संपला.

घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकलं. ताईंबद्दल मला आदर आहे, आणि त्यांचं वाक्य मी नंतर कितीदा तरी मनात घोळवलं आहे. पण ते चूक आहे. नुसतं चूक नाही, तर आपण बाईच्या शरीराकडे कसं बघतो याचा जुना दोष त्यात आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी आंबिवलीत राहते आणि इथेच काम करते. कल्याणच्या पुढे, शहाड आणि टिटवाळ्याच्या मधलं आमचं स्टेशन. शेजारी मोहने, तिथली एनआरसी कंपनी. २००९ साली ती बंद पडली आणि हजारो कामगारांच्या घरातली चूल थंडावली. ती पुन्हा पेटवायला किती घरांतल्या बायका पहिल्यांदा उंबरठ्याबाहेर पडल्या, हे इथल्या जुन्या बायकांना विचारा. कुणी कल्याणला धुणीभांडी धरली, कुणी शिलाईची मशीन आणली, कुणी पॅकिंगला गेली, कुणी पोळ्या लाटायला. पुरुष कामगारांच्या थकबाकीवर मोर्चे निघाले, आणि ते निघायलाच हवे होते. त्या बायकांच्या कंबरेवर जी थकबाकी चढत गेली, तिचा हिशेब कुणीच मांडला नाही.

एम.एस.डब्ल्यू. करताना मला 'समुदायाच्या गरजांचं सर्वेक्षण' शिकवलं होतं. पाण्याची गरज, रेशनची, नोकरीची, संरक्षणाची. वस्तीत आल्यावर पहिली दोन वर्षं मी ते तक्ते भरत होते. बैठक संपली की बायका उठायच्या आणि उठताना प्रत्येकीच्या तोंडून एक आवाज यायचा. "आई गं." कुणी गुडघ्यावर हात टेकून उठायची, कुणी भिंतीला धरून, कुणी शेजारणीच्या खांद्याला. माझ्या तक्त्यात त्या आवाजासाठी रकाना नव्हता.

आमच्या गटातल्या एका बाईचा दिवस बघा. पहाटे पाणी येतं, वाकून हंडे भरायचे. मोरीत उकिडवं बसून भांडी, मग ओट्याशी उभं राहून पोळ्या, मान खाली. डबे भरून स्टेशन गाठायचं. लोकल टिटवाळा, आसनगाव, कसाऱ्याकडून भरूनच येते, आंबिवलीला बसायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. एक हात वर कडीला, दुसऱ्या हातात पिशवी, अंग एका बाजूला कललेलं. कल्याणला चार घरची कामं: केर, लादी, भांडी, पुन्हा सगळं वाकून. परतीला भाजी, घरी आल्यावर भाजी निवडायची, पुन्हा मान खाली. रात्री मुलाचा अभ्यास, पुन्हा मान खाली. झोपताना अंगाची जुडी करून कुशीवर, कारण दहा बाय बाराच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही.

या सगळ्या दिवसात ते शरीर कितीदा मागे वळलं? छाती कितीदा उघडली? दोन्ही हात एकदम डोक्यावर, काहीही न पकडता, किती वेळा गेले? एकदाही नाही. माझा मुद्दा इतकाच आहे. बाई दिवसभर राबते, पण एकाच दिशेनं राबते. पुढे, खाली, आत. छातीचे आणि जांघेतले स्नायू तासन्‌तास आखडलेल्या स्थितीत राहतात. पाठीचे आणि मानेचे स्नायू पुढे झुकलेलं वजन पेलत ताटकळत राहतात. यालाच ताई 'ताणलेलं' म्हणाल्या. मराठीत 'ताण' शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आपण दोन्हींची गल्लत करतो. अंगावर ताण पडणं वेगळं, आपण होऊन अंगाला ताण देणं वेगळं. पहिलं दुसऱ्यानं आपल्यावर लादलेलं असतं. दुसरं करायला स्वतःची पाच मिनिटं आणि अंग पसरायला जागा हवी, आणि बाईकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

"घरकाम हाच बाईचा व्यायाम" हे वाक्य तर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. सासूकडून, डॉक्टरकडून, वर्तमानपत्राच्या पुरवणीतून. लादी पुसा, कंबर बारीक होईल. पूर्वीच्या बायका जात्यावर दळायच्या म्हणून त्यांना बाळंतपणं जड गेली नाहीत. (किती बायका बाळंतपणात मेल्या हे सांगायला त्या उरल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.) या वाक्यात मोठी सोय आहे. घरकाम हाच व्यायाम असेल तर बाईला वेगळा वेळ द्यायला नको, आणि घरकामात वाटा उचलायलाही नको. उलट, तिच्याच भल्यासाठी ते तिच्याकडे राहू द्यावं! २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं आढळलं, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हा जर व्यायाम असता तर या देशातल्या बायका ऑलिंपिकला गेल्या असत्या.

व्यायामात शरीर सगळ्या बाजूंनी वापरलं जातं, हळूहळू वाढवत नेलं जातं आणि मग त्याला विसावा दिला जातो. श्रमात त्याचा एकच भाग झिजेपर्यंत वापरला जातो, आणि थांबायचं कधी हे दुसरा ठरवतो. कुस्तीगीर जोर-बैठका मारतो तेव्हा नंतर अंग रगडून घेतो, त्याला दूध-बदाम मिळतं, तालमीत त्याची जागा असते. हमालाला कुणी पैलवान म्हणत नाही. मग बाईच्याच बाबतीत श्रमाला व्यायाम का म्हणायचं?

आता आपल्या भाषेकडे बघा. सकाळी उठल्यावर हातपाय ताणून अंग मोकळं करण्याला मराठीत काय म्हणतात? 'आळस देणे.' जी क्रिया शरीर आपसूक करतं, मांजर करतं, कुत्रं करतं, पाळण्यातलं पोर करतं, तिला आपण आळसाचं नाव दिलं. पुरुषानं ओट्यावर उभं राहून आळस दिला तर तो नुकता उठला आहे एवढंच. सुनेनं दिला तर ती आळशी आहे. माझ्या आजीनं मला सातव्या-आठव्या वर्षीच सांगितलं होतं, चारचौघांत आळोखेपिळोखे देऊ नयेत, बाईच्या जातीला शोभत नाही. हात वर गेले की छाती दिसते, पदर ढळतो. म्हणजे बाईनं अंग लांब करायचं नाही, रुंद करायचं नाही, जागा व्यापायची नाही. लोकलमध्ये पाय फाकून बसणारा पुरुष आणि त्याच्या शेजारी गुडघे जुळवून, पिशवी मांडीवर घेऊन, खांदे आत ओढून बसलेली बाई आठवा. तिच्या खांद्यांचं दुखणं कुठून सुरू झालं हे शोधायला एक्स-रे लागत नाही.

एक गंमत आठवते. मंगळागौरीत झिम्मा, फुगडी, पिंगा घालणाऱ्या बायकांना सगळं अंग फेकायची मुभा असते. तीही श्रावणातल्या मंगळवारी, रात्री, बायकांच्यातच, आणि बहुतेक नव्या लग्न झालेलीच्या निमित्तानं. परंपरेला बाईच्या सांध्यांची गरज ठाऊक नव्हती असं नाही, तिनं रेशनिंग केलं एवढंच. बाकीच्या तीनशेचौसष्ट दिवसांचं काय, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

आपण तो का विचारला नाही? मला वाटतं, चळवळीनं बाईच्या शरीरावर खूप काम केलं, पण त्याच्या ठरावीक भागांवर. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांतला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता. त्या अभ्यासानं सगळ्यांचे डोळे उघडले. गर्भनिरोधकं, गर्भलिंगनिदान, बलात्कार, मारहाण या प्रश्नांवर आपण लढलो आणि लढतो आहोत. पण बाईला पाठ, मान, पोटऱ्या, खांदेही असतात. गर्भाशयाच्या मागे कणा असतो! आणि ते विसरण्याची किंमत काय असते, हे बीडनं दाखवलं. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागे मुकादमाचा दंड होता, पाळीच्या दिवसांतले खाडे होते, दवाखान्यांचा धंदा होता. पण त्या वाटेवरची पहिली तक्रार कितीदा तरी पोटात आणि कंबरेत दुखण्याची असते. आमच्याही गटातल्या एकीला कंबरदुखीसाठी एका खाजगी दवाखान्यात "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला होता. कंबर पुढे वाकून काम करते, हे तिला कुणी विचारलंच नाही.

इथे मला प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. अंग ताणण्याचे व्यायाम म्हणजे रामबाण नाही. त्यानं दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं थांबतं असा समज आहे, पण निरनिराळे प्रयोग एकत्र तपासल्यावर फरक अगदी नगण्य निघाला आहे. धावण्याआधी किंवा वजन उचलण्याआधी एकाच स्थितीत मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरलं तर ताकद उलट थोडी कमी पडते. म्हणून आधी चालून, हातपाय हलवून अंग गरम करायचं आणि लांब ताण शेवटी द्यायचा. रक्त कमी असेल तर ताणून रक्त वाढत नाही. हंड्याचं वजनही कमी होत नाही. आणि ताणण्याच्या बरोबरीनं स्नायूंना बळही हवं, नुसती लवचिकता पुरत नाही.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात जुनी कंबरदुखी असलेल्या २२८ जणांवर झालेला एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला योगाचे वर्ग दिले, एकाला साधे ताण देण्याचे वर्ग, एकाला फक्त पुस्तक. बारा आठवड्यांनी पहिल्या दोन्ही गटांची अवस्था पुस्तकवाल्यांपेक्षा बरी होती, आणि त्या दोन्हींत एकमेकांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आमच्या वस्तीच्या दृष्टीनं मला यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. आमच्या गटात हिंदू, बौद्ध, मुस्लिम अशा सगळ्या बायका आहेत. काहींना मंत्र नको असतो, काहींना सूर्याला नमस्कार घालायचा नसतो, आणि ते त्यांचं म्हणणं योग्य आहे. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी दोर, खुर्ची, पट्टे वापरून आजारी माणसांनाही आसनं शक्य करून दिली, गीता अय्यंगारांनी खास बायकांसाठी पुस्तक लिहिलं, हे मोठं काम आहे. पण पोटरीला ताण द्यायला धर्म लागत नाही, भिंत लागते.

आम्ही जे करतो ते सांगते, कारण मैत्रिणी विचारतात. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरात वाकवून टेकायचे आणि एक पाऊल पुढे टाकायचं, छाती उघडते. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीला, पोटरी ताणली जाते. पाय लांब करून बसायचं, ओढणी तळव्यात अडकवायची आणि पाठ सरळ ठेवून हलकेच पुढे यायचं. एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढे, म्हणजे जांघ मोकळी होते. कान खांद्याकडे, दोन्ही बाजूंना. प्रत्येक ठिकाणी वीस-तीस सेकंद थांबायचं, दोन-तीनदा करायचं, श्वास चालू ठेवायचा, हिसका अजिबात द्यायचा नाही. ओढ जाणवावी, कळ नको. पायात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखं झालं तर थांबून डॉक्टरला दाखवायचं. गरोदर बाईचे सांधे सैल झालेले असतात, तिनं शेवटच्या टोकापर्यंत जायचं नाही. वयस्क, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी कंबरेतून पुढे वाकायचं टाळायचं. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी हवं, रोज झालं तर उत्तमच. पंधरा मिनिटं पुरतात.

दुसऱ्या बाजूचीही तक्रार नोंदवते. आमच्या भागात आता बायकांसाठी जिम निघाल्या आहेत, झुंब्याचे वर्ग आहेत. मी एका वर्गाला महिनाभर गेले. तासभर उड्या, घाम, शिट्ट्या, आणि शेवटची दहा मिनिटं, जी अंग ताणून शांत करण्याची असायला हवीत, ती पुढच्या बॅचसाठी कापलेली. "स्ट्रेचिंग घरी करा, मॅडम." घरी? सरांना बाईचं घर माहीत नसावं. पण त्यामागचं कारण फी भरणारीला काय विकलं जातं यात आहे. वजनकाटा ताण देण्यानं हलत नाही. बाई बारीक दिसणं विकलं जातं. तिला रात्री कुशीवर न कण्हता झोप लागणं विकलं जात नाही, कारण ते कुणाला दिसत नाही.

तर प्रश्न शेवटी वेळेचा आणि जागेचा. आपण असा प्रश्न हक्क म्हणून मांडू शकतो, हे केरळमधल्या बायकांनी दाखवलं आहे. कोझिकोडच्या दुकानांत दिवस-दिवस उभं ठेवल्या जाणाऱ्या विक्रेत्या बायका पी. विजी यांच्या 'पेण्कूट्ट' संघटनेत एकत्र आल्या, बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ साली राज्याला कायद्यात दुरुस्ती करावी लागली. खरं तर उभ्यानं काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यावी असं कलम १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं. दुकानातल्या बाईला ते लागू होण्यासाठी तिला रस्त्यावर उतरावं लागलं. सुरुवातीला त्यांनाही कुणीतरी हसलंच असेल. जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर कवायत लागते आणि कित्येक ठिकाणी कामगार काम सुरू करण्याआधी ती एकत्र करतात. मालकाला त्यात उत्पादन वाढवायचं असतं हे मलाही कळतं. पण तो वेळ कामाच्या वेळेतून जातो, हे महत्त्वाचं. आमच्या घरकामगार बायकांच्या मागणीपत्रात पगारी सुट्टी आहे, बोनस आहे. चार घरांच्या मध्ये दहा मिनिटं पाठ सरळ करायची सोय, खाली बसून लादी पुसायला लावण्याऐवजी दांड्याचा मॉप, ही कलमं का नसावीत?

समाजमंदिराचं काय झालं तेही सांगते. मी आणि गटातल्या चार जणी ज्या मंडळाकडे चावी असते त्यांच्याकडे गेलो. संध्याकाळी मुलं कॅरम खेळतात, ती कुठं जातील, असं पहिलं उत्तर. सकाळी द्या म्हटलं, तर दुसरं उत्तर आलं, आणि तेच खरं होतं. "बायका आडव्या होणार, हातपाय वर करणार. खिडक्या रस्त्यावर आहेत. बरं दिसत नाही." आमच्यातल्या एक काकू, वय साठीच्या पुढे, म्हणाल्या, "वाकलेल्या रोज दिसतो, ते बरं दिसतं का रे?" त्याला उत्तर मिळालं नाही. जूनमध्ये मात्र योगदिनाला त्याच हॉलमध्ये चटया अंथरल्या गेल्या, बॅनर लागला, आम्हालाच बोलावणं आलं. फोटो झाले. बावीस तारखेला कॅरम बोर्ड जागेवर होता.

सध्या आम्ही बालवाडीच्या खोलीत जमतो, मुलं गेल्यावर, खुर्च्या एकावर एक रचून. अकरा जणी मावतो. हात बाजूला पसरायचे झाले की पाच जणी पसरतात आणि सहा जणी भिंतीला टेकून थांबतात, मग उलट. परवा एक नवी सून आली होती. सासूला बचत गटाची बैठक आहे असं सांगून आली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि तिला हसू येऊ लागलं, का ते तिलाही सांगता येईना.

यंदाच्या आठ मार्चच्या मागणीपत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. समाजमंदिराचं कलम मी पुन्हा घातलं आहे, दहा मिनिटांचं आणि मॉपचंही. ताईंनी हा लेख वाचून बैठकीला यावं अशी विनंती आहे. सुरुवात अंग ताणून होणार आहे. त्यांच्या गुडघ्यांसाठी खुर्ची ठेवली आहे.